झिजलेलें बेअरिंग

विजेवर चालणारी जुनी करवत घरघरूं लागली, म्हणजे पुष्कळदां मोटारीचें बेअरिंग झिजलेलें असतें. लांकडाचा बारीक भुसा आंत शिरतो, ग्रीस वाळतें. जुनें बेअरिंग काढून नवें बसवितां येतें, याचें कारण त्यावर कोरलेला क्रमांक. ६२०३ म्हटलें कीं आंतील व्यास १७ मिलिमीटर, बाहेरील ४०, जाडी १२. मग कारखाना कोणताहि असो. हा क्रमांक मला नीतिशास्त्राचा विषय वाटतो; तार्किकांनीं हंसावें खुशाल. झिजणारा भाग सुटा ठेवणारा निर्माता, कधींहि न भेटणाऱ्या दुरुस्ती करणाराचा अधिकार मान्य करतो. उलट, न उघडणाऱ्या कवचांत मोटार डांबणारानें करवत विकली खरी, पण तिचें मरण स्वतःच्या हातीं राखून ठेविलें. अशा व्यवहारास विक्री म्हणावें काय?