रंगाआधीचं काम

रत्नागिरीत मिऱ्या-मांडवीकडून येणारा खारा वारा गाडीच्या पत्र्यावर मीठ ठेवून जातो. मीठ ओल धरतं आणि गंज वेगानं पसरतो. त्यावर थेट मारलेला रंग फुगून सुटणारच. म्हणून जाणता पेंटर आधी गोड्या पाण्यानं पत्रा धुऊन वाळवतो, तारेच्या ब्रशनं गंज काढतो, ८० नंबरचा पॉलिश पेपर लावतो. लांबी (पुट्टी) भरल्यावर पेपर ठोकळ्याला गुंडाळून घासतो, कारण नुसत्या बोटांखाली चर पडतात. मग तळवा फिरवतो. नजरेतून सुटलेला खळगा तळव्याला कळतो. गिऱ्हाइकाला यातलं काहीच दिसत नाही, तरी माझ्या मते खरी कारागिरी इथंच आहे. गाडी रंगाला दिलीत, तर या माणसाला घाई करू नका. घासण्याच्या मजुरीत घासाघीसही करू नका.