दहा मिनिटांत उसळ

‘दहा मिनिटांत मटकीची उसळ’ अशा नावाचे व्हिडिओ यूट्यूबवर डझनाने सापडतील. कुठलाही एक उघडा. सुरुवातीलाच काचेच्या वाडग्यात मोड आलेली मटकी तयार असते. शेजारी चिरलेला कांदा, किसलेलं खोबरं, निवडून धुतलेली कोथिंबीर. मग मोहरी तडतडते, मटकी पडते, झाकण बसतं आणि दहाव्या मिनिटाला खरंच उसळ होते. यात खोटं काही नाही. घड्याळ कधी सुरू केलं, एवढाच प्रश्न आहे. ती मटकी कुणीतरी आठवणीने रात्री भिजत घातली होती. सकाळी उपसून फडक्यात बांधली, दिवसभर उबेला ठेवली. थंडीचे दिवस असतील तर मोडांनी आणखी एक रात्र घेतली असेल. हाताचं काम सगळं मिळून पाच मिनिटांचं. पण मंगळवारी रात्री उसळ खायची असेल, तर रविवारी झोपायच्या आधी कुणाच्या तरी डोक्यात मटकी असावी लागते. ते डोकं व्हिडिओत दिसत नाही.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्या धंद्यात लॅरी टेस्लर नावाचा एक माणूस होऊन गेला. कॉम्प्युटरवरचं कट-कॉपी-पेस्ट आपण ज्याच्यामुळे वापरतो, तो. 2020 साली तो गेला. त्याच्या नावाने एक नियम सांगतात: कुठल्याही कामात एका मर्यादेनंतर गुंतागुंत कमी करता येत नाही, ती फक्त इकडून तिकडे सरकवता येते. बटण सोपं झालं याचा अर्थ बटणामागे कुणीतरी जास्त खपलं. मग ती गुंतागुंत कुणी सोसायची, वापरणाऱ्याने की बनवणाऱ्याने? सॉफ्टवेअरमध्ये याचं उत्तर सोपं आहे. एका टीमने महिनाभर डोकं खपवलं तर लाखो लोकांचा त्रास वाचतो, आणि पुढची कित्येक वर्षं वाचत राहतो. सौदा उघड फायद्याचा आहे.

स्वयंपाकघरात हा हिशेब बसत नाही. तिथे एक जण खपतो तेव्हा चार जणांचं सोपं होतं, आणि तेही आजच्या रात्रीपुरतंच. उद्या पुन्हा शून्यापासून. हाना आरेंट या विचारवंत बाईने 1958 च्या ‘द ह्यूमन कंडिशन’ या पुस्तकात माणसाच्या श्रमांचे प्रकार वेगळे केले होते. एका प्रकारात काम संपल्यावर वस्तू उरते: टेबल, घर, पुस्तक. दुसऱ्या प्रकारात काहीच उरत नाही, कारण जे केलं ते खाऊन किंवा वापरून संपतं आणि चक्र पुन्हा सुरू होतं. स्वयंपाक या दुसऱ्या प्रकारातला. (माझा कोडही बऱ्याचदा दोन वर्षांत कचऱ्यात जातो, पण निदान अप्रेझलमध्ये तो मोजतात.)

आता आठवड्याच्या मधल्या दिवशी आपण झटपट म्हणून जे पदार्थ करतो, ते आठवून बघा. थालीपीठ: भाजणीत कांदा, तिखट, मीठ, पाणी, थापलं की झालं. मेतकूट-भात: गरम भातावर तूप आणि मेतकूट, संपलं. आमटीत चमचाभर गोडा मसाला घातला की वेगळं काही वाटावं लागत नाही. मराठी घरातले बरेचसे पटकन होणारे पदार्थ असे डब्यांच्या जोरावर उभे आहेत. आमच्या भाषेत याला कॅश म्हणतात: जे पुन्हा पुन्हा लागणार आहे ते एकदाच कष्टाने तयार करायचं आणि हाताशी ठेवायचं. भाजणीसाठी बाजरी, ज्वारी, तांदूळ, हरभऱ्याची डाळ, उडीद, धणे, जिरे हे सगळं वेगवेगळं भाजावं लागतं, कारण प्रत्येकाला लागणारी आच वेगळी. मग गिरणीत जाऊन रांगेत उभं राहायचं. म्हणजे जुलैतल्या पावसाळी संध्याकाळी मला दहा मिनिटांत थालीपीठ मिळतं, कारण मे महिन्यात कुणीतरी गॅससमोर घाम गाळत धान्य भाजलं होतं. माझं सोपं तिच्या मे महिन्यातून आलं.

इथपर्यंत कुणाचं फारसं दुमत होणार नाही. खरा पेच पुढे आहे. हे कळल्यावर करायचं काय?

सगळ्यात आधी सुचणारं उत्तर म्हणजे ‘आपलं आपण करावं’. ऐकायला स्वच्छ वाटतं, म्हणूनच मला त्याचा थोडा संशय येतो. आम्ही चौघं पुण्यात वाकडला एका फ्लॅटवर राहतो. सकाळी साडेसातला मावशी येतात, चौघांच्या पोळ्या आणि एक भाजी करून नऊच्या आत पुढच्या घरी जातात. उद्या आम्हाला स्वावलंबनाचा झटका आला, तर आमचं आत्मिक समाधान वाढेल आणि त्यांचं एक घर कमी होईल. मुंबईच्या गिरणगावात हजारो कामगार गावाकडे कुटुंब ठेवून एकटे राहायचे. त्यांची जेवणं खानावळवाल्या बायका करायच्या, घरातल्या चुलीवर, सावकाराकडून उधारीने किराणा आणून. 1975 साली प्रेमा पुरव यांनी या बायकांसाठी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. त्या मंडळाने गिरणी कामगारांना ‘तुम्ही स्वतः शिजवा’ असं सांगितलं नाही. बायकांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं आणि सावकाराच्या तावडीतून सोडवलं. श्रम दुसऱ्यावर सरकवले जाणारच असतील, तर कोणत्या अटींवर, हा प्रश्न त्यांनी धरला. मला तो जास्त प्रामाणिक वाटतो. मावशींना महिन्यातून चार सुट्ट्या, दिवाळीला एक जादा पगार, आणि आम्ही गावाला गेलो म्हणून पैसे न कापणं, हे आमच्या फ्लॅटचे नियम आहेत. त्याने आमचं सोपं फुकटचं होत नाही, आणि व्हायलाही नको.

दुसरं उत्तर म्हणजे मागणीच कमी करायची. श्रम सरकवण्याऐवजी मुळातच कमी लागतील असं जेवायचं. एक वाटी तांदूळ, अर्धी वाटी मुगाची डाळ, हळद, हिंग, मीठ, साडेतीन-चार वाट्या पाणी, कुकरच्या तीन शिट्ट्या. वरून तूप, सोबत भाजलेला पापड, लोणचं. इथे कुणाचा मे महिना लागत नाही (पापड-लोणच्याचा लागतो, ते सोडा). किंवा पिठलं: कांदा-मिरचीची फोडणी, पाणी, उकळी आली की एका हाताने बेसन सोडत दुसऱ्या हाताने ढवळायचं, वाफ काढायची. किंवा वरण-भात आणि एक काकडी.

‘शाकाहारी’ या शब्दाबद्दलही जाता जाता. आमच्या घरी मटण रविवारी. उरलेले दिवस भाजी, आमटी, उसळ. पण घरात त्याला कुणी शाकाहारी म्हणत नाही, नुसतं जेवण म्हणतात. हा शब्द मला पहिल्यांदा व्यवहारात भेटला तो पुण्यात खोली शोधताना, घरमालकाच्या अटींमध्ये. त्यावर एक वेगळा निबंध होईल.

तर मागणी कमी करणं. मला हे उत्तर बराच काळ पूर्ण वाटायचं, आणि अजूनही त्यात दम आहे असं मला वाटतं. रूथ श्वार्त्स कोवन या इतिहासकार बाईने 1983 मध्ये ‘मोअर वर्क फॉर मदर’ हे पुस्तक लिहिलं. अमेरिकेतल्या घरांबद्दल त्या सांगतात की यंत्रं आली तरी बाईचं काम फारसं घटलं नाही. लाकडं फोडणं, धान्य दळून आणणं अशी पुरुषांची आणि मुलांची कामं गेली. उरलेल्या कामांत अपेक्षा वाढल्या. एका भांड्यातल्या रोजच्या जेवणाच्या जागी अनेक पदार्थांचं जेवण आलं. आपल्याकडे वेगळं काय झालं? मिक्सर आला तेव्हा चटणी वाटण्याचे कष्ट वाचले, आणि डोशासोबत दोन चटण्या लागायला लागल्या. गॅस आला आणि ‘तव्यावरची गरम पोळी थेट ताटात’ हा हक्क झाला. वाचलेला वेळ करणाऱ्याच्या हाती राहिला नाही, खाणाऱ्याच्या जिभेने तो घेतला. म्हणून जीभ आवरणं ही नुसती साधुसंतांची गोष्ट नाही. तो श्रमांच्या वाटपाचाही प्रश्न आहे.

पण यातही एक मेख आहे. मी आठवड्यात चार दिवस खिचडी खातो असं सांगितलं की लोक म्हणतात, साधा मुलगा आहे, कसली खोड नाही. माझ्या वहिनीने घरात चार दिवस खिचडी केली, तर शब्द बदलतो. मग तिला कंटाळा येतो, तिचं घरात लक्ष नाही, ती आळशी आहे. कुकर तोच, शिट्ट्या तीनच. साधेपणा हा गुण ठरायला आधी कमी मागण्याचा अधिकार हातात असावा लागतो, आणि तो खाणाऱ्याकडे असतो. करणाऱ्याने आपणहून कमी केलं तर त्याला कामचुकारपणा म्हणतात. 2019 च्या केंद्र सरकारच्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरातली बिनपगारी कामं करणाऱ्यांचं प्रमाण बायकांमध्ये 81.2 टक्के आणि पुरुषांमध्ये 26.1 टक्के निघालं. जे करतात त्यांचाही रोजचा सरासरी वेळ बायकांचा 299 मिनिटं, पुरुषांचा 97. या 299 मिनिटांतली किती मिनिटं कमी करायची, हे ठरवताना त्या बाईचं मत किती धरलं जातं, ते कुठल्याच तक्त्यात येत नाही.

आणि करणारी एकटी असते तेव्हा? बाबा गावाला गेले की आई काय जेवते, हे तिला विचारलं तर ती हसते. सकाळची पोळी दुधात कुस्करून. कालचा भात, ताक. कधी चहा-पोळी. ‘माझ्या एकटीसाठी कोण एवढा घाट घालतंय?’ माझी खिचडी आणि तिची दूध-पोळी बाहेरून सारखीच दिसते: दोन्ही सोपी, दोन्ही शाकाहारी, दोन्ही दहा मिनिटांच्या आतली. पण मी स्वतःला त्रास वाचवतोय. ती स्वतःला त्रास घेण्याच्या लायकीचंच धरत नाहीये. कमी मागावं हा सल्ला ज्यांनी कधी काही मागितलंच नाही त्यांना द्यायचा नसतो. त्यांच्या बाबतीत उलटं व्हायला हवं: कुणीतरी त्यांच्यासाठी मटकी भिजत घालायला हवी.

म्हणून हल्ली मला वाटतं की सोप्या जेवणाच्या यादीपेक्षा ‘आज काय करायचं’ हे कोण ठरवतं, ते आधी बघावं. सकाळी मावशी दारातूनच विचारतात, ‘दादा, आज काय करू?’ बहुतेक फ्लॅटवर याचं उत्तर ‘काहीही करा’ असतं. ऐकायला उदार वाटणारा हा शब्द. प्रत्यक्षात ‘काहीही’ म्हणणारा निवडीचं काम समोरच्याकडे ढकलतो आणि तक्रारीचा हक्क मात्र स्वतःकडे ठेवतो. फ्रिजमध्ये काय आहे, काल काय झालं, कुणाला वांगं चालत नाही, कोथिंबीर आज संपवायला हवी का, हे सगळं त्या एका शब्दामागे कुणाला तरी आठवावं लागतं. चिरण्या-शिजवण्यापेक्षा याचाच शीण जास्त असतो, असं आई सांगते. तीस वर्षांचा अनुभव असल्याने तिचा शब्द मी प्रमाण धरतो.

आमच्या फ्लॅटवर आता फ्रिजला एक कागद लावलाय. रात्रीचं जेवण आम्हीच करतो, त्याचा तो तक्ता. सोमवारी खिचडी, मंगळवारी मोडाची उसळ, बुधवारी वरण-भात आणि कोशिंबीर, गुरुवारी पिठलं, शुक्रवारी उरलंसुरलं: फोडणीचा भात नाहीतर धिरडी. मंगळवारच्या खाली बारीक अक्षरात ‘भिजवणे – रविवार रात्र’ आणि त्यापुढे नाव. हे नाव दर आठवड्याला बदलतं. पदार्थांपेक्षा त्या नावावरूनच जास्त भांडणं झाली. कंटाळा येतो का? येतो. तिसऱ्या आठवड्यात एक जण वैतागून पनीर घेऊन आला, ते त्यानेच केलं, त्यानेच भांडी घासली, कुणाची हरकत नव्हती.

तक्त्याचा फोटो आईला पाठवला होता. तिचा लगेच फोन आला. पहिला प्रश्न, ‘गुरुवारी पिठलं लिहिलंयस, मग भाकरी कोण करणार?’

आम्ही पिठलं भातासोबत खातो. चौघांपैकी भाकरी फक्त सोलापूरच्या मित्राला येते, आणि उत्तम येते, टम्म फुगलेली. मनात आलं की तो करतोही. पण तक्त्यात भाकरी लिहायला त्याचा ठाम नकार आहे. तो म्हणतो, एकदा का तिथे लिहिलं, की प्रत्येक गुरुवार माझा.