माकिओकांच्या चौघी

1943 च्या जानेवारी आणि मार्च महिन्यांत 'चुओ कोरोन' या जपानी मासिकात जुनिचिरो तानिझाकींच्या नव्या कादंबरीची पहिली प्रकरणं आली आणि लष्कराने ती तिथेच बंद पाडली. सरकारविरुद्ध त्यात चकार शब्द नव्हता. ओसाकातल्या एका जुन्या व्यापारी घराण्यातल्या चार बहिणी, त्यांची लग्नं, दुखणीखुपणी आणि दर वसंतात चेरीचा बहर बघायला क्योटोला जाणं, एवढंच. लढाई चालू असताना असलं काही छापणं गैर, असं अधिकाऱ्यांचं म्हणणं होतं. तानिझाकी लिहीत राहिले. 1944 साली पहिला खंड खासगीरीत्या छापून त्यांनी स्नेह्यांना वाटला, तर पुढच्या खंडाला तीही मोकळीक मिळाली नाही. युद्ध संपल्यावर, 1948 पर्यंत 'सासामेयुकी'चे तिन्ही खंड वाचकांच्या हाती आले. जपानबाहेर ती 'द माकिओका सिस्टर्स' या नावाने वाचली जाते.

सरत्या वैभवाला दिलेला हळवा निरोप, अशी या कादंबरीची ख्याती आहे. तानिझाकींचा त्या जगावर जीव होता, यात शंका नाही. 1923 च्या भूकंपानंतर टोकियो सोडून ते ओसाका-कोबेच्या मुलखात आले आणि तिथलेच झाले. त्यांची पत्नी मात्सुको ओसाकातल्या अशाच चार बहिणींपैकी एक. कादंबरीतली साचिको तिच्यावरून बेतलेली आहे. तरीही मला ही कादंबरी हळवी वाटत नाही. घराण्याचं नाव राखायला मुलींनी काय मोजलं, याचा इतका चोख हिशेब दुसऱ्या कुणी मांडलेला मी वाचलेला नाही.

1936 साली कथा सुरू होते तेव्हा वडील गेलेले आहेत आणि पेढी दुसऱ्याच्या हातात गेली आहे. थोरल्या त्सुरुकोचा नवरा माकिओका हे आडनाव घेऊन घरजावई झालेला, म्हणून कर्तेपण त्याच्याकडे. दुसरी साचिको. तिसरी युकिको तिशीची होऊनही बिनलग्नाची. ती उजवल्याखेरीज धाकट्या ताएकोचं लग्न होणं नाही. एके काळी सांगून आलेल्या स्थळांना या घराने नाकं मुरडली. आता येणारं प्रत्येक स्थळ मागच्यापेक्षा उतरतं: कुणाच्या आईला मानसिक आजार, कुणी चाळिशी उलटलेला बिजवर. पुढे नागोयाच्या एका श्रीमंत घरातून नकार येतो. आजवर नकार यांनी द्यायचा असे. उलटा नकार पहिलाच. घराणं कुठवर घसरलं आहे, ते पेढीची एकही वही न उघडता या नकारावरून कळतं.

एक प्रसंग तर विसरता येत नाही. काही वर्षांपूर्वी ताएको एका सराफाच्या मुलाबरोबर पळून गेली होती. ओसाकातल्या एका लहान वर्तमानपत्राने बातमी छापताना नाव मात्र युकिकोचं घातलं. थोरल्या मेहुण्याने चूक सुधारण्याचा आग्रह धरला, तर पत्राने खुलासा न देता तीच बातमी ताएकोच्या नावानिशी पुन्हा छापली. एकीवरचा बट्टा दोघींवर बसला. मेहुण्याच्या हेतूत खोट नव्हती, म्हणून तर हा प्रसंग जास्त बोचतो. अब्रू राखायचा निर्णय पुरुषाने घ्यायचा, दोघींना विचारायचंसुद्धा नाही, आणि पुढची कित्येक वर्षं निस्तरत बसायचं त्यांनी.

हा हिशेब तानिझाकी बहिणींच्या अंगावर मांडतात. युकिकोच्या डोळ्याजवळ एक काळसर डाग उमटतो, जातो, पुन्हा उमटतो. लग्न झालं की जाईल, असं डॉक्टर सांगतात. मुलगी दाखवण्याआधी घरच्यांची नजर आधी त्या डागाकडे वळते. बाहुल्या बनवून स्वतःचं कमावणारी, मनाला येईल तशी वागणारी ताएको या जाचातून सुटेल असं वाटतं. पण 1938 च्या महापुरात जिवावर उदार होऊन तिला वाचवणारा फोटोग्राफर कानाच्या शस्त्रक्रियेनंतर तडफडून मरतो आणि शेवटी तिचं मूल मृत जन्मतं. उलट मर्यादेत राहिलेल्या युकिकोचं लग्न जमतं, आणि वधू टोकियोच्या गाडीत बसते ती पोट बिघडलेल्या अवस्थेत. शेवटच्या ओळीपर्यंत ते थांबत नाही. पाळणारी आणि मोडणारी, दोघींनाही लेखक सोडवत नाही. बंडखोर बहिणीला नायिका करण्याचा सोपा मार्ग त्याने घेतला नाही, हे मला या कादंबरीचं सर्वांत मोठं धैर्य वाटतं.

आणि युद्ध? ते आहेच, फक्त रणांगणावर नाही. शेजारचं जर्मन कुटुंब मायदेशी निघून जातं. 1941 च्या वसंतात युकिकोच्या लग्नाची तयारी चालते, तेव्हा चैनीच्या वस्तूंवर बंदी आलेली असते. वधूसाठी नवा किमोनो रंगवून घेता येत नाही, दुकानदाराला सांगून तयार असलेला शोधावा लागतो. तांदूळही त्याच सुमारास नोंदवहीवर मिळू लागलेला असतो. लष्कराने 1943 मध्ये लेखन छापू दिलं नाही, तेव्हा हा भाग कागदावर उतरलेलाही नव्हता. बायकांच्या कपड्यालत्त्याच्या गोष्टी म्हणून जे त्यांनी क्षुल्लक ठरवलं, त्याच कपड्यांतून तानिझाकींनी पुढे त्यांच्या लढाईची नोंद करून ठेवली.