खेळातील सोबती खरा की खोटा?

मुलगा संगणकापुढे बसून दूरदेशीच्या अनोळखी गड्यांशी खेळू लागला की, आम्ही वडील मंडळी म्हणतो, "एकटाच बसला आहे." हे म्हणणे नेहमी खरे असते काय?

नॉर्वेतील मॅट्स स्टीन या तरुणाचे उदाहरण पाहा. स्नायू क्षीण करणाऱ्या ड्यूशेन या आजाराने त्याला चाकांच्या खुर्चीवाचून हलता येत नसे. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या खेळात मात्र तो इबेलिन या नावाने हिंडेफिरे. २०१४ साली, वयाच्या २५ व्या वर्षी, तो वारला. आपला मुलगा मित्रांवाचून गेला, असे आईबाप समजत होते. परंतु वडिलांनी त्याच्या मृत्यूची वार्ता कळविताच देशोदेशींहून सांत्वनाच्या ई-मेल आल्या. कोणाचे दुःख त्याने ऐकून घेतले होते; एका आईला तिच्या मुलाच्या जवळ जाण्याची वाट दाखविली होती. काही खेळगडी अंत्यविधीस आले.

तथापि खेळाचा पडदा लपण्यासही सोयीचा असतो. मॅट्सने आपला आजार पुष्कळ काळ सोबत्यांपासून लपविला. तोवर त्याचे ओझे कोणास वाटून घेता आले नाही. झोप व अभ्यास बुडवून खेळावे, असेही आम्ही म्हणत नाही.

पण हात हाती घेता आला नाही, एवढ्याने स्नेह खोटा ठरत नाही. दुसऱ्यासाठी आपण काय केले, यावरून तो पारखावा. म्हणून "किती वेळ खेळलास?" एवढ्यावरच न थांबता, "कोणाबरोबर खेळलास? तो बरा आहे ना?" असेही आपण मुलांना विचारू या.