आठवड्याची भाजी

२०१६ साली महाराष्ट्राने बाजार समितीच्या आवाराबाहेरची फळे-भाज्यांची विक्री नियमनमुक्त केली आणि शेतकरी आठवडे बाजाराच्या योजनेला संत सावता माळी यांचे नाव दिले. मळ्यातच विठ्ठल पाहणाऱ्या संताचे नाव. किती योग्य!

पुण्यातल्या अशा बाजारातून घरी आलेली भाजी लहान मुलांच्या घराला आठवडाभर पुरवायची, तर क्रम सांभाळावा. आधी मेथी, पालक, चाकवत. मग गवार, दोडका. दुधी आणि लाल भोपळा टिकतात, ते शेवटी.

बाजारात मुलांनाही न्या. स्वतः उचललेली मेथीची जुडी ती हौसेने निवडू लागतात. आणि पुरंदरचा मटार यंदा कधी येणार, हे समोरच्या शेतकऱ्यालाच विचारा. तिकडे पाऊस कसा झाला, तेही कळेल.