तितिक्षा आणि रात्रीची गोळी

नागिणीचे फोड वाळून, खपल्या पडून, बरगडीवर केवळ एक फिकट पट्टा उरला त्याला आता दोन वर्षे लोटली; पण ज्या वाटेने ती गेली त्या वाटेवरून जुन्या, मऊ झालेल्या सदऱ्याचे कापड नुसते सरकले किंवा पंख्याचा वारा गेला, तरी निखारा फिरवल्यासारखी आग अद्यापि उठते. जखम नाही, सूज नाही. ज्याची वर्दी मज्जातंतूने द्यावी असे काहीच घडत नसता तो रात्रंदिवस वर्दी देत राहतो. दिवा आणताच दोरीवरचा साप आणि त्याची भीती दोन्ही नाहीशी होतात, असे वेदान्ती सांगतात. येथे दिवा आणला, तपासण्या झाल्या, साप नाही हे निःसंशय ठरले, आणि दंश मात्र चालूच आहे.

या व्याधीचा उगम प्रथम ऐकला तेव्हा मी स्तब्ध झालो. बालपणी येऊन गेलेल्या कांजिण्यांचा विषाणू शरीर सोडून जातच नाही. कण्यालगतच्या मज्जातंतूंच्या गाठींत तो पन्नास-साठ वर्षे निमूट पडून राहतो, आणि वार्धक्याने प्रतिकारशक्ती क्षीण झाली की एखाद्या तंतूच्या वाटेने बाहेर पडतो. म्हणूनच नागीण बहुधा अंगाच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखी उमटते, आणि तिचे तोंड व शेपूट जुळले की माणूस दगावतो ही माझ्या आजीची भीती निराधार ठरते. संचिताचे प्रारब्ध कसे होते, हे याहून स्वच्छ मला कोणत्याही भाष्यात आढळले नाही.

आणि प्रारब्ध तर भोगूनच सरते! शंकराचार्यांच्या नावावर असलेल्या ‘विवेकचूडामणी’त तितिक्षेचे लक्षण असे सांगितले आहे की, सर्व दुःखे प्रतीकार न करता, चिंता व विलाप यांवाचून सोसावीत. चिंता-विलापांविषयी मला शंका नव्हती. त्या पहिल्या अटीपाशी मात्र मी कित्येक रात्री अडून राहिलो, कारण नऊच्या ठोक्याला गॅबापेंटिनची गोळी तोंडात टाकताना मी नेमका प्रतीकारच करीत असतो. चरकसंहितेच्या विमानस्थानात अग्निवेश आत्रेयांना आयुष्य नियत की अनियत असे विचारतो, तेव्हा ते सांगतात की सारेच नियत असते तर औषधी, मंत्र, व्रते यांचे कोणाला प्रयोजनच उरले नसते, आणि दुर्बळ दैवाला बलवत्तर पुरुषकार मागे सारतो. या उत्तराने मला धीर दिला. पण माझा गुंता सुटला तो एका चुकीमुळे.

गॅबापेंटिनने आग विझत नाही, निम्म्यावर येते. रात्रीच्या लहान मात्रेपासून ती आठवड्या-आठवड्याने वाढवावी लागली, त्यात भोवळ आली, आणि ती एकाएकी बंद करण्याची मुभा नाही. आम्लपित्तावरचे ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमचे औषधही तिच्यापासून दोन तास दूर ठेवावे लागते. या संथपणाला कंटाळून, स्नेह्यांनी कळवळ्याने सुचवलेल्या, ‘नसांना बळ देणाऱ्या’ तीन बाटल्या मी डॉक्टरांना न विचारता सुरू केल्या. काही महिन्यांनी दोन्ही तळपायांना मुंग्या येऊ लागल्या. डॉक्टरांनी तिन्ही बाटल्यांवरचा मजकूर माझ्याच हाताने एका कागदावर उतरवून घेतला, आणि तिन्ही रकान्यांत पायरिडॉक्सिन, म्हणजे ब-६ जीवनसत्त्व, हे एकच नाव आले. शरीराला ते आवश्यक आहे. परंतु प्रमाणाबाहेर, दीर्घकाळ घेतले तर ज्या मज्जातंतूंसाठी ते घ्यावे त्यांनाच ते इजा करते.

तो कागद मी जपून ठेवला आहे. आचार्यांच्या ज्या अटीला मी भीत होतो ती मी मोडली असेल. पण जिच्याविषयी निःशंक होतो ती चिंतेची अट तर मी दिवसातून तीन वेळा, जेवणानंतर, पाण्याबरोबर मोडत होतो. गोळी हा प्रतीकार होता. बाटल्या ही निव्वळ चिंता होती, आणि दोन्ही एकाच फडताळात शेजारी-शेजारी ठेवल्यामुळे मला त्यांतला भेद दिसला नव्हता.

मुंग्या हळूहळू ओसरल्या. आता रविवारी सकाळी सौ. सात खणांची डबी पुढ्यात घेऊन बसते, मी नावे वाचतो, ती खण भरते. रात्री गोळी घेतल्यावर तिचा अंमल चढेपर्यंत घटका-दोन घटका जातात. सदरा काढून मी उजव्या कुशीवर पडून राहतो, डाव्या बरगडीवरची आग पाठीकडून पुढे सरकते, आणि जी निम्मी कोणत्याही खणात मावत नाही तिच्यासाठी मी जागा असतो.