अवयवांवाचूनचे ज्ञान

दोनाच्या सदुसष्टाव्या घातातून एक वजा केला असता १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७ ही एकवीस अंकी संख्या येते. मारँ मेर्सेन या फ्रेंच मठवासी पंडिताने १६४४ साली या कुळातील मूळ संख्यांची जी यादी प्रसिद्ध केली तीत हिला स्थान दिले होते, आणि गणिताच्या दप्तरात ती नोंद सव्वादोनशे वर्षांहून अधिक काळ कायम राहिली. १८७६ साली एदुआर ल्यूका यांनी ती रद्द ठरवली. संख्या संयुक्त आहे, एवढे त्यांनी सिद्ध केले. अवयव मात्र एकही दाखवला नाही.

ते अवयव १९०३ साली न्यूयॉर्क येथे अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या सभेत प्रकट झाले. फ्रँक नेल्सन कोल यांनी फळ्यावर १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७ यांचा गुणाकार मांडला, तो मूळच्या एकवीस अंकांशी तंतोतंत जुळला, आणि ते एक शब्दही न उच्चारता जागेवर जाऊन बसले तेव्हा सभेने टाळ्यांचा कडकडाट केला, असे सांगतात. त्या टाळ्या सर्वथा योग्य होत्या. कारण दोन संख्यांचा गुणाकार करणे हे अक्षरओळख झालेल्या मुलाचे काम असले, तरी गुणाकार हाती देऊन त्या दोन संख्या मागणे ही मागणी अतिशय कठोर आहे. या संख्येच्या कोणत्याही अवयवाला १३४ ने भागले असता बाकी १ च उरली पाहिजे, असा नियम आहे. तथापि त्या अटीत बसणाऱ्या १३५, २६९, ४०३ अशा संख्या ओळीने घेत गेल्यास कोल यांचा लहान अवयव १४,४५,५८० व्या स्थानी भेटतो. इतर निर्बंधांनी ही ओळ पुष्कळ आखूड होते, पण श्रम संपत नाहीत.

तरीही मला अधिक विस्मय वाटतो तो ल्यूका यांच्या कृतीचा. त्यांच्या पद्धतीला डी. एच. लेमर यांनी १९३० साली जे सुटसुटीत रूप दिले त्यात ४ पासून आरंभ करावयाचा, वर्ग करून २ वजा करावयाचे, आणि आलेल्या उत्तराला परीक्ष्य संख्येने भागून बाकी तेवढी पुढे न्यावयाची. हीच क्रिया आपल्या संख्येकरिता ६५ वेळा केली, की अखेरीस शून्य उरते किंवा नाही यावरच सारा फैसला होतो. शून्य उरत नाही, म्हणून संख्या संयुक्त. नैयायिकांच्या अनुमानाला धूम आणि अग्नी यांचे साहचर्य पूर्वी कोठेतरी डोळ्यांनी पाहिलेले असावे लागते. येथे तेवढ्याही प्रत्यक्षाची गरज नाही, आणि तरीही निष्कर्षात तिळमात्र संशयाला जागा उरत नाही. अवयव सापडणे हा ज्ञानाचा एक प्रकार आहे, ते असलेच पाहिजेत हे जाणणे हा दुसरा. आणि पहिल्याच्या अभावी दुसऱ्याला अपुरे मानणे हा मी बुद्धीवरील अन्याय समजतो.

आज यंत्रे कोल यांचे दीर्घ परिश्रम क्षणार्धात उरकतात. परंतु दोनाच्या १२७७ व्या घातातून एक वजा केला असता येणाऱ्या ३८५ अंकी संख्येचा एकही अवयव आजवर कोणाच्या हाती लागलेला नाही. ती संयुक्त आहे, हे मात्र निर्विवाद सिद्ध आहे.